मदत हवी आहे: स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनकडून (डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामकडून) नेमकं शिकायचं कसं?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे. मुलगी तेरा वर्षांची. आपल्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून हिला बुद्धिबळाशिवाय काही सुचत नाही.

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर तिचं रॅपिड (जलद डावांचं) रेटिंग १८५० आहे, फिडेचं म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं १५२०. रेटिंग मोजायला लिचेस ग्लिको-२ पद्धत वापरतं, फिडे एलो पद्धत, खेळाडूही वेगळे. त्यामुळे या फरकाची काळजी नाही. पण १८ वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या मुलांना फिडे के ४० लावतं (के म्हणजे एका डावाने रेटिंग किती बदलेल ते ठरवणारा गुणक). म्हणजे २०० गुणांनी खालच्या मुलाशी हरलं की एका डावात ३० गुण जातात. मागच्या स्पर्धेत असं दोनदा झालं आणि पोरगी रात्री जेवली नाही.

घरी आल्याबरोबर ती डाव स्टॉकफिशमध्ये टाकते. इंजिन सांगतं, तेविसाव्या चालीला चूक, घोडा डी५ वर हवा होता. पण का, ते तिला कळत नाही. मी जेमतेम खेळतो, मलाही समजावता येत नाही. कोणाची बाजू वरचढ ते दाखवणारे इंजिनचे नुसते अधिक-उण्याचे आकडे पाहून ती स्वतः विचार करणं सोडतेय, असं मला वाटतं.

आधी इंजिनशिवाय वहीत डाव लिहून काढायला लावू का? किती वेळ द्यायचा, आणि इंजिनने सुचवलेल्या किती पर्यायी चाली एकाच वेळी पाहायच्या? ज्यांची मुलं या टप्प्यातून गेली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगा. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे.