मदत हवी आहे: शिरोलीत बिहार, ओडिशा, नेपाळच्या बायकांचा डब्याचा धंदा – नोंदणी कुणाच्या नावावर, हिशेब कसा धरायचा?

शिरोलीवाली

मंडळी, नेमकी माहिती हवी आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांत ज्यांचे नवरे कामाला आहेत अशा पाच जणी मिळून डबा आणि एक गाडा सुरू करणार आहेत. दोघी गया जिल्ह्याच्या, दोघी ओडिशातल्या गंजामच्या, एक नेपाळची. लिट्टी-चोखा (सारण भरून भाजलेले कणकेचे गोळे आणि भरीत), डालमा-भात (भाज्या घातलेलं वरण आणि भात) आणि मोमो. दुपारच्या सुट्टीत पन्नासेक ताटं खपतील असा अंदाज आहे.

अडलंय ते असं. एका संस्थेनं सुचवलंय की नोंदणी, खातं सगळं संस्थेच्या नावावर ठेवू आणि बायकांना हजेरी, म्हणजे रोजाची मजुरी, देऊ. घ्यावं का? घरमालक म्हणतो खोलीत घरगुती सिलिंडरवर धंदा चालणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. लिट्टी पन्नास जणांची एकदम केली की काही आतून कच्च्या राहतात, उरलेल्या डब्यात चामट होतात. आणि ताट ६० रुपयांना विकलं तर हातात काय उरेल? कर्जाचं नंतर बघू.

कागदवाला

ताई, हजेरीचा प्रस्ताव नको. संस्थेचा हेतू चांगला असेल, पण त्यात बायकांच्या नावावर काहीच साठत नाही. पुढं कर्ज मागायला गेल्या की बँक खात्यावरचा व्यवहार आणि नोंदणी बघते. संस्थेनं काम थांबवलं तर दोन वर्षं राबूनही त्या पहिल्याच पायरीवर. संस्थेला मदत करायचीच असेल तर भांडी द्यावीत, जागेची अनामत भरावी.

सुरुवात आधार कार्डापासून करा. बहुतेक जणींच्या आधारला नवऱ्याचा नाहीतर गावाकडच्या कुणाचा तरी नंबर जोडलेला असतो. मग बँक, फूड नोंदणी, उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), प्रत्येक ठिकाणी ओटीपी तिकडं जातो आणि काम तिथंच अडकतं. आधार केंद्रावर बोटाचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, त्याला वेगळं कागदपत्र लागत नाही. पत्ता गयाचा असला तरी बिघडत नाही. आधारवर खातं उघडताना सध्याचा पत्ता स्वतः लिहून दिलेला चालतो. बँकेतला कारकून नाही म्हणाला तर शांतपणे मॅनेजरकडं जा.

फूड नोंदणी फॉसकॉस या सरकारी अन्नसुरक्षा पोर्टलवर होते. एवढ्या छोट्या धंद्याला परवाना नको, बेसिक नोंदणी पुरते. फोटो आणि ओळखपत्र लागतं. सरकारी फी किरकोळ आहे, एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. पण नोंदणी जागेला बांधलेली असते हे ध्यानात ठेवा. खोली बदलली की पत्ता बदलून घ्यावा लागतो, आणि या मंडळींच्या खोल्या वरचेवर बदलतात. म्हणून राहत्या खोलीवर नोंदणी करूच नका. स्वयंपाकाला एक गाळा घ्या, मालकाचं संमतीपत्र घ्या, आणि ती नोंदणी पाच जणींच्या गटाच्या नावावर करा. गाडा जी चालवेल तिची फेरीवाली म्हणून वेगळी नोंदणी. क्यूआर कोडही तिच्याच खात्याचा हवा. नवऱ्याचा नको आणि ठेकेदाराचा तर मुळीच नको.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. बाहेरून आलेल्यांची खरी सोय तीच. धंदा वाढला की १९ किलोचा व्यावसायिक. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. शिवाय दुर्घटना झाली तर भरपाईचा प्रश्न येतो.

भट्टीजवळ

लिट्टीचं माप सांगतो. पन्नास ताटं, ताटाला दोन, म्हणजे शंभर लिट्ट्या. ५० ग्रॅम कणीक आणि २५ ग्रॅम सारण. त्याला गव्हाचं पीठ साधारण ३.२ किलो, पाणी दीड लिटरच्या आसपास, मोहन २०० ग्रॅम. सारणाला सत्तू (भाजक्या हरभऱ्याचं पीठ) २ किलो, त्यात ओवा, कलौंजी, लसूण, आलं, मिरची, लिंबू आणि मोहरीचं तेल.

कच्ची राहते त्याचं कारण बहुतेक वेळा आकार. घाईत एक ६५ ग्रॅमची होते, दुसरी ९० ची, आणि भट्टीवर दोन्हींना वेळ सारखाच मिळतो. वजनकाटा समोर ठेवा आणि कणकेचे गोळे आधी मोजून घ्या. दुसरं कारण जोरकस आच. वरून डाग पडतात आणि माणूस शिजली समजून उतरवतो. मध्यम आचेवर पंचवीस-तीस मिनिटं, सारखी फिरवत. शिजलेली लिट्टी स्वतःच तडकते.

सारण ओलं झालं तर लिट्टी फुटते, कोरडं राहिलं तर घशाला चिकटतं. मुठीत दाबून बघा. मुटका वळला पाहिजे आणि बोट लावलं की सुटला पाहिजे. तेल आणि लिंबू या परीक्षेवर घाला, मापावर नाही, कारण पावसाळ्यात सत्तू हवेतला ओलावा धरतो. सारणात कच्चा कांदा घालू नका. पाणी सुटतं आणि दुपारपर्यंत आंबूस वास येतो. कांदा वेगळा द्या.

चामट होण्याचं कारण वाफ. गरम लिट्टी डब्यात घालून झाकण लावलं की वाफ परत तिच्यावरच बसते. जाळीवर दहा मिनिटं ठेवा, मग सुती फडक्यात गुंडाळा. तूप वाढतानाच लावा.

सत्तू आपल्याकडं तयार मिळाला नाही तर कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातून सालासकट फुटाणे आणा आणि गिरणीतून बारीक दळून घ्या. डाळ्याचं पीठ वापरू नका, त्याला तो भाजका खमंगपणा येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यापुरताच दळा.

हिशेबनीस

६० रुपयांचा हिशेब मांडतो, दर किरकोळ इकडंतिकडं होतील. पीठ १३०, सत्तू २८०, तेल ५५, तूप अर्धा किलो ३००, बटाटे ३ किलो ९०, वांगी ३ किलो १५०, टोमॅटो ६०, आलं-लसूण-मिरची-लिंबू-कोथिंबीर १२०, गॅस १२०, आणि एकदाच वापरायचे डबे ५० × ६ = ३००. बेरीज १,६०५, ताटाला साधारण ३२ रुपये.

यात सगळ्यात जड काय? तूप आणि डबे, दोन्ही मिळून ६००. कारखान्याच्या दारात जेवणाऱ्याला स्टीलचं ताट द्या आणि तूप दहा रुपये वेगळे लावून द्या. मग खर्च वीस रुपयांवर येतो आणि ताटामागं चाळीस राहतात, दिवसाचे दोन हजार. त्यातून गाळ्याचं भाडं, पाणी, मोडतोड आणि न खपलेली ताटं जातात. बाकीची मजुरी. सुरुवातीला पन्नास नको, तीस करा. उरलेल्या वीस ताटांचे चारशे रुपये थेट नफ्यातून जातात.

उधारीवर आधीच ठरवा. ठेकेदार म्हणेल, चाळीस माणसांचं जेवण द्या, पैसे महिन्याला पगारातून कापून देतो. कामगाराचे पैसे कापले जातात आणि बाईपर्यंत पोचत नाहीत, हे सर्रास होतं. आठवड्याची कुपनं आगाऊ विका, सहा ताटांच्या पैशात सहा कुपनं, सूट नको. ठेकेदाराला द्यायचंच असेल तर एका आठवड्याच्या वर उधारी थांबवा, आणि कुपनावर बाईची सही हवी.

शिरोलीवाली

मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. नेपाळच्या बाईला इथं धंदा करायला हरकत येईल का? आणि डालमा-भात सकाळी अकराला तयार होतो, जेवण साडेबाराला. पातेलं झाकून ठेवलं तर चालेल ना?

कागदवाला

१९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार नेपाळी नागरिकाला इथं राहायला आणि व्यापाराला मुभा आहे. तिचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगा, त्याच्या झेरॉक्स कुणालाही वाटू नका. फूड नोंदणी गटाची असल्यानं तिचं काम अडणार नाही. गाडा महापालिका हद्दीत लावला तर विक्री प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. पुढं पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेचं कर्ज त्यावर मिळतं, पहिला हप्ता आता १५,००० पर्यंतचा आहे.

भट्टीजवळ

भात झाकून ठेवून चालेल, पण गरम राहिला तरच. ६० अंशांच्या वर हवा. मोठ्या पातेल्यात नुसता झाकून ठेवला की तो कोमट होतो, आणि कोमट भातातच जंतू वाढतात. शिजवताना त्यांचे बीजाणू मरत नाहीत आणि त्यांनी केलेलं विष परत गरम केल्यानं जात नाही. म्हणून जाड कॅसरोल घ्या किंवा भात साडेअकराला चढवा. डालमा मात्र परत उकळता येतो. उरलेला भात दुसऱ्या दिवशी गाड्यावर आणायचा नाही, हे गटात आधीच ठरवून टाका.

मोमोच्या सारणात कोबी असेल तर किसून मीठ लावा, वीस मिनिटांनी घट्ट पिळा, मगच मसाला घाला. नाहीतर पाणी सुटतं, पारी फाटते आणि मोमो चाळणीला चिकटतात. पिळलेलं पाणी चटणीत घालू नका, फार खारट होतं.

पाणी टाकीचं असेल तर उकळूनच वापरा. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ पाण्यातूनच पसरली होती. स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हवी आणि विषमज्वराची लस घेतलेली हवी, अन्न खात्याचे अधिकारी पाहणीला आले तर तो कागद मागतात.

हिशेबनीस

एक राहिलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता. पंचगंगेची पातळी धोक्याकडं सरकायला लागली की शहरातून माल येणं थांबतं. जुलै लागला की पीठ, तांदूळ, तेल आणि एक भरलेला सिलिंडर दहा दिवसांचा धरून उंचावर ठेवा, आणि गाळा घेताना २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारूनच अनामत द्या.