चार्ली वॉर्ड फुटबॉल सोडून चुकला का?

गल्लीबोळ: फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातात बॉल धरून पळतात तो. फ्लोरिडा स्टेट कॉलेजचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून डाव चालवणारा) चार्ली वॉर्ड, 1993 च्या सीझनला 27 टचडाउन पास (गुण मिळवून देणारे) आणि इंटरसेप्शन (विरोधकाने पकडलेले पास) फक्त 4, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी घरात, 1 जानेवारी 1994 ला नेब्रास्काला 18-16 हरवून टीम नॅशनल चॅम्पियन, आणि एप्रिलमध्ये एनएफएल ड्राफ्टचे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल टीम्स पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याचे, सातही राउंड संपले तरी याला कोणी घेतलंच नाही. का, तर साहेबांनी आधीच सांगितलेलं, पहिल्या राउंडला घ्या नाहीतर मी चाललो बास्केटबॉलला. अतिशहाणपणा नडला. एनबीएत, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, 11 सीझन, सरासरी 6.3 पॉइंट. कॉलेजचा राजा तिकडे जाऊन कारकून झाला.

खिचडीभक्त: अतिशहाणपणा कसला, स्काउट (खेळाडू हेरणाऱ्या) लोकांच्या मते सहा फूट दोन इंचाचा क्वार्टरबॅक म्हणजे बुटका! पाचव्या राउंडला घेऊन बेंचवर बसवला असता तर तुम्हीच वाया गेला म्हणाला असता. जूनमध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्कच्या निक्स टीमने 26 व्या नंबरला घेतला, पहिल्याच राउंडमध्ये. आणि कॉलेजातही बास्केटबॉल टाइमपास नव्हता हो, फुटबॉल उरकून उशिरा टीममध्ये यायचा तरी 1993 ला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठात पोचले होते.

गल्लीबोळ: अट घातली म्हणूनच टीम्स बिचकल्या. उद्या हा बास्केटबॉलला पळाला तर पिक (निवडीची पाळी) फुकट ना.

जर्सीकर: कारकून म्हणू नका राव. 1997 ला निक्सची मायामीशी प्लेऑफ (बाद फेरीची) सिरीज, पाचवी मॅच, मी टीव्हीसमोर. फ्री थ्रोच्या वेळी वॉर्ड त्या सहा फूट अकरा इंचाच्या मायामीच्या पी. जे. ब्राउनच्या गुडघ्यात घुसला, त्याने उचलून आपटला याला बेसलाइनपलीकडे, मग हाणामारी, निक्सचे पाच जण सस्पेंड, 3-1 पुढे असलेली सिरीज घालवली. जीव काढला होता तेव्हा. पण पॉइंट गार्डचं काम हेच, अंगावर घ्यायचं आणि बॉल दुसऱ्याला द्यायचा, ते 6.3 मध्ये कुठे दिसणार.

गल्लीबोळ: ते सगळं मान्य, पण सहा फुटी क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ सुपर बोल (एनएफएलची फायनल) जिंकलाच ना.

खिचडीभक्त: 2010 ला! 1994 ला बुटक्याला कोण विचारत होतं?