मदत हवी आहे : सॉलिडमध्ये गोल डाग यायलेत, शाई एकसारखी बसेना (अर्जंट)

उदगीर_प्रेसवाला
नमस्कार मंडळी. निळ्या सॉलिडमध्ये (सलग भरीव निळ्या छपाईत) गोल डाग यायलाय. शाई वाढवून पाहिली, कमी करून पाहिली, डब्यातून शाई कमी-जास्त सोडायच्या चाव्या सगळ्या सोडून पुन्हा लावल्या, मशीन दोनदा धुतलं. काडीचा फरक नाही. रोलरचा प्रश्न नाही, मागच्याच आठवड्यात नवं रबर चढवून आणलेत. ५००० कॉपी आहेत, परवा सकाळी द्यायच्यात. शाई सारखी पसरायला नेमकं काय करावं? लवकर सांगा, कागद कापून पडलाय.

परभणी_ऑफसेट
मशीन कोणतं? डाग प्रत्येक शीटवर एकाच जागी येतो की फिरतो? फिकट आहे की गडद? केवढा? जॉबचा लेआउट काय? एवढं कळल्याशिवाय सांगणारा अंधारातच दगड मारणार.

टीडीएस_१२००
आधी पाणी बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड होतं. तेच डॅम्पिंगला (प्लेट ओली ठेवायला) वापरलं की रोलरवर कॅल्शियमचा पांढरट, चकचकीत थर बसतो आणि तेवढ्या जागी रोलर शाई धरत नाही. आरओचं पाणी घ्या, फाउंटनचा (त्याच डॅम्पिंगच्या पाण्याचा) पीएच ४.८ ते ५.३ मध्ये आणा, रोलर कॅल्शियम रिमूव्हरने धुवा. नुसत्या रॉकेलने तो थर निघत नाही, वरची शाई तेवढी निघते.

नांदेडकर_मशीनमन
हिकी आहे हो. कागदाची भुकटी नाहीतर डब्यातल्या शाईची वाळलेली साय प्लेटवर चिकटली असणार. लाइट जाऊन दोन तास शाई उघडी राहिली की साय धरतेच. प्लेट पुसा, डब्यातली वरची शाई काढून फेका.

उदगीर_प्रेसवाला
डॉमिनंट, एकरंगी, १९×२६ इंची. दुसरं काय असणार. डाग प्रत्येक शीटवर त्याच जागी येतो. हिकी नाही, हिकी मला कळते. चांगला पाच सेंटिमीटरचा गोल आहे, बाकी निळ्यापेक्षा किंचित गडद. लांबून दिसतो, जवळ नेलं की हरवतो. पाणी तेच आहे जे कायम वापरतो.

मुद्रण_मित्र
तातडीचं असेल तर डिजिटलवर काढून टाका. ५००० म्हणजे काही फार नाही.

परभणी_ऑफसेट
१९×२६ चे ५००० डिजिटलवर? दर विचारून या एकदा.

उदगीरवाले, पाच सेंटिमीटरचा गडद गोल हे महत्त्वाचं होतं, ते पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता सांगा, जॉबमध्ये कुठे गोल आकार आहे का?

उदगीर_प्रेसवाला
आहे ना. वरती ग्रिपरकडे (मशीन कागदाची जी कड धरतं तिकडे) निळा पट्टा आहे, त्यात मधोमध पांढरा गोल सोडलाय, तिथे नंतर चार रंगांत फोटो येणार. खाली पानभर निळं पॅनल. डाग पॅनलमध्ये येतो, वरच्या गोलात काही नाही.

गोदाकाठ
मग तो डाग नाही मालक, तो तुमचाच वरचा गोल आहे. याला घोस्टिंग म्हणतात.

फॉर्म रोलर प्लेटवर फिरताना पट्ट्याच्या सॉलिडला शाई देतो. मधल्या गोलाला द्यायची नसते, म्हणून रोलरच्या तेवढ्या तुकड्यावरची शाई खर्चच होत नाही. रोलर एक फेरा मारून परत प्लेटला टेकेपर्यंत व्हायब्रेटरने (डावी-उजवीकडे सरकत शाई पसरवणाऱ्या रोलरने) ती विषमता मोडायला हवी. पूर्ण मोडली नाही तर तो शाईने भरलेला तुकडा पॅनलवर उतरतो आणि गडद गोल दिसतो. उलटंही होतं. आधी जाड सॉलिड अक्षर असेल तर पुढच्या सॉलिडमध्ये त्याच अक्षराची फिकट सावली पडते.

मोजपट्टी घ्या. पांढऱ्या गोलाच्या वरच्या कडेपासून गडद गोलाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि ३.१४ ने भागा. येईल तो त्या रोलरचा व्यास. रबर दाबलं जातं, म्हणून एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होईल. गडद गोल पांढऱ्याच्या अगदी सरळ रेषेत मागे आहे का तेही बघा. बाजूला सरकलेला असेल तर कारण वेगळं.

टीडीएस_१२००
पाणी जास्त असेल तरी असं दिसतं. शाईत पाणी घुसलं की ती रोलरवरून पुढे सरकत नाही.

गोदाकाठ
पाण्याने गोल आकार येत नाही दादा. पाण्याने धुरकट होतं, नाहीतर रोलर ठिकठिकाणी टक्कल पडल्यासारखा उघडा होतो. कंपासने काढल्यासारखी कड पाणी कुठून आणणार?

नांदेडकर_मशीनमन
ब्लँकेट (प्लेटवरची छाप कागदावर उतरवणारं रबर) फुगलं असेल. आधीच्या जॉबमध्ये त्या जागी काही असेल तर शाईच्या तेलाने ब्लँकेट तेवढंच उठतं आणि तो आकार पुढच्या सॉलिडमध्ये दिसतो.

गोदाकाठ
हे मात्र तपासण्यासारखं आहे. ब्लँकेट धुवा, वाळू द्या आणि त्या जागेवर तिरपा टॉर्च मारा. फुगवटा असेल तर सावली पडते. बोटाला कळत नाही, प्रकाशात कळतं.

बीड_मुद्रक
शाईत मॅग्नेशिया टाका. ४२ डिग्रीत शाई पातळ होते, पातळ शाई वाहते, म्हणून डाग.

परभणी_ऑफसेट
मॅग्नेशियाने शाई घट्ट होईल, पण आखूड होईल, म्हणजे तार धरणार नाही. आखूड शाई डब्यात मागे हटते. डक्ट रोलर (डब्यातून शाई उचलणारा) फिरत राहतो, शाई पाठ टेकून बसते, आणि मशीनमन चाव्या उघडत सुटतो. मग दर अर्ध्या तासाला सुरीने हलवत बसा. या दुखण्याचं हे औषध नव्हे.

उदगीर_प्रेसवाला
मोजलं. १८८ मिमी. सरळ रेषेत आहे. ब्लँकेटवर टॉर्च मारला, काही नाही.

गोदाकाठ
१८८ भागिले ३.१४ म्हणजे ६० मिमी. आता व्हर्निअर लावून चारही फॉर्म रोलरचे व्यास सांगा. मधे आणि दोन्ही टोकांना, तीन तीन ठिकाणी.

उदगीर_प्रेसवाला
चारही ६०. टोकाला पण ६०, मधे पण ६०. एकदम बरोबर आहेत. म्हणूनच म्हणलो रोलरचा प्रश्न नाही.

गोदाकाठ
तोच तर प्रश्न आहे! चारही सारखे कसे? रबर चढवायला देताना माप काय सांगितलं होतं?

उदगीर_प्रेसवाला
त्यांनी फोनवर विचारलं होतं. मी म्हणलो सगळे सारखे करा, म्हणजे स्पेअर ठेवायला एकच रोलर पुरतो. त्यात काय चुकलं? एक गोष्ट सांगायची राहिली, दोन रोलरचे सेटिंग स्क्रू पार टोकाला गेलेत. तरी रोलर टेकवल्यावर प्लेटवर शाईचा पट्टा दोनच मिलिमीटर रुंद येतो.

परभणी_ऑफसेट
घ्या. ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहिली असती तर पाणी, मॅग्नेशिया, ब्लँकेट, सगळ्यांचा वेळ वाचला असता.

गोदाकाठ
फॉर्म रोलर मुद्दाम वेगवेगळ्या व्यासाचे ठेवतात. समजा ५४, ६०, ६६ आणि ७२ असे चार आहेत. (हे उदाहरण. तुमच्या मशीनची मापं मॅन्युअलच्या रोलर चार्टमध्ये बघा, अंदाजाने देऊ नका.) त्यांचे घेर साधारण १७०, १८८, २०७ आणि २२६ मिमी. प्रत्येक रोलर आपली सावली वेगळ्या अंतरावर टाकतो, कडा एकमेकींवर बसत नाहीत, डोळ्याला काही दिसत नाही. तुमच्याकडे चारही सावल्या १८८ वर एकमेकींच्या डोक्यावर बसल्यात. शिवाय बहुतेक मशीनवर पहिले दोन फॉर्म रोलर शाईचा मोठा वाटा टाकतात आणि मागचे दोन ती सारखी करतात. तुमचे जे दोन नीट टेकत नाहीत ते मागचे असतील तर सारखं करणारं कुणी उरलंच नाही.

स्क्रू टोकाला का गेले तेही यातच आलं. ज्या जागी ६६ चा रोलर हवा तिथे ६० चा बसवला की त्रिज्येत ३ मिमी कमी. त्या रोलरला व्हायब्रेटरलाही टेकायचंय आणि प्लेटलाही. हात पोचत नाही बिचाऱ्याचा.

बीड_मुद्रक
मग दोनदा छापा. पहिला हात हलका, दुसरा हात हलका. सॉलिड भरून निघतं.

परभणी_ऑफसेट
दुसऱ्या हातालाही गोल त्याच १८८ वर पडणार. दुप्पट छपाई, वर रजिस्टरची (छापावर छाप तंतोतंत जुळवायची) डोकेदुखी.

छत्रपती_संभाजीनगर_ग्राफिक
कटिंगच्या जागेत शाई खाणाऱ्या सॉलिड पट्ट्या टाका, शाईचा समतोल होतो.

गोदाकाठ
पट्टी ज्या उभ्या रेषेत असते तिथलीच शाई खाते. गोल शीटच्या मधोमध आहे, कटिंग कडेला. मधोमध पट्टी टाकली तर गिऱ्हाईक विचारेल ना, हे काय.

उदगीर_प्रेसवाला
भाऊ, कारण कळलं. परवा सकाळी माल द्यायचाय. रोलर परत पाठवून यायला आठ दिवस लागतील. आज काय करू?

गोदाकाठ
आधी एक सांगा. बाकीचे चार रंग छापून झालेत का?

उदगीर_प्रेसवाला
नाही, निळाच पहिला. बाकीच्या प्लेटा अजून काढल्या नाहीत.

गोदाकाठ
वाचलात. लेआउट उलटा करा. पॅनल ग्रिपरकडे, गोलाचा पट्टा शेपटीकडे. मग गोलाची सावली १८८ मिमी पुढे, म्हणजे शीटच्या बाहेर पडेल. पाचही प्लेटा उलट्याच काढा आणि सगळे रंग एकाच ग्रिपरवर, एकाच साइड लेवर (कागदाची बाजू जिथे टेकते तिथे) चालवा. एक रंग इकडून आणि एक तिकडून गेला की कागदाच्या कापातला फरक थेट रजिस्टरमध्ये येतो.

प्लेट येईपर्यंत रोलर लावून घ्या. क्रम चुकवू नका. आधी फॉर्म रोलर व्हायब्रेटरला, नंतर प्लेटला. प्लेटला आधी लावला तर व्हायब्रेटरला लावताना तो हलतो आणि पुन्हा पहिल्यापासून. थोडी शाई चढवा, मशीन थांबवा, रोलर प्लेटवर पाचेक सेकंद टेकवा, उचला आणि पट्टा मोजा. ४ मिमी, दोन्ही टोकांना सारखा. एका टोकाला ५ आणि दुसऱ्याला ३ म्हणजे तिरका बसलाय. टोकं जाड आणि मधे बारीक, डमरूसारखा पट्टा आला तर टोकाचं रबर फुगलंय, स्क्रूने ते जात नाही. व्हायब्रेटरकडचा दाब प्लेटपेक्षा किंचित जास्त ठेवा, नाहीतर रोलर प्लेटवर घसरतो आणि आडव्या रेघा येतात. ते दोन रोलर ४ पर्यंत येणार नाहीत. जेवढे येतील तेवढे आणा, पण दोन्ही टोकं सारखी.

निळा कसा बनवलाय?

उदगीर_प्रेसवाला
रिफ्लेक्स ब्लूत ट्रान्सपरंट व्हाइट घालून. गिऱ्हाइकाला फिकट पाहिजे होता.

गोदाकाठ
व्हाइट जितकं जास्त तितका शाईचा थर जाड चढवावा लागतो, आणि जाड थरातली विषमता जास्त दिसते. शेड सांभाळून व्हाइट जेवढं कमी करता येईल तेवढं करा. डक्ट रोलरचा फेरा मोठा ठेवा, चाव्या बारीक. फेरा छोटा आणि चाव्या उघड्या असल्या की शाई एकदम गठ्ठ्याने आत जाते. चाव्या मधून सुरू करून कडेला जा. एकच चावी जोरात आवळली की डब्याची पाती वाकते, मग शेजारच्या दोन चाव्याही खोटं बोलायला लागतात.

पाणी इतकंच ठेवा की प्लेटच्या कोऱ्या भागावर शाईचा तवंग धरणार नाही. इथे टीडीएस_१२०० यांचं ऐका, पाणी जितकं कमी तितकी सावली फिकी.

टीडीएस_१२००
मी पहिल्यापासून पाणीच म्हणत होतो.

परभणी_ऑफसेट
तुम्ही कॅल्शियम म्हणत होता.

वसमत_ट्रेडल
विषय शाईचाच आहे म्हणून विचारतो. माझ्या ट्रेडलची (जुन्या, खिळे लावून छापायच्या मशीनची) शाईची थाळी फिरायची थांबली आहे. रोलर थाळीवर एकाच जागी घासतात, पावतीबुकाच्या डाव्या बाजूला शाई कमी लागते. काय करावं?

नांदेडकर_मशीनमन
वेगळा धागा काढा की राव.

उदगीर_प्रेसवाला
उलटा लेआउट लावला. गोल गेला. पॅनलमध्ये वरून साधारण १९ सेंटिमीटरवर एक आडवी हलकी पायरी दिसायलीय, बारकाईने बघितली तरच. ती कशाची?

गोदाकाठ
तीही रोलरचीच. पॅनल १८८ पेक्षा लांब आहे, त्यामुळे रोलरचा पहिला फेरा भरल्या शाईने होतो आणि दुसरा थोड्या रिकाम्या. व्हायब्रेटरची सरक कमी-जास्त करायची सोय तुमच्या मशीनवर असेल तर पूर्ण करा, पायरीची कड विरघळेल. गिऱ्हाइकाला दिसत नसेल तर हात लावू नका, छापून मोकळे व्हा.

रोलर परत देताना चारही मापं चार्टवरून कागदावर लिहून द्या, फोनवर नको. फॉर्म रोलरचं रबर साधारण ३० शोअर (रबराच्या कडकपणाचं माप). कोणता रोलर कुठल्या जागचा ते दांड्याच्या टोकाला पंच मारून ठेवा. बसवल्यावर आठ दिवसांनी पट्टे पुन्हा मोजा, नवं रबर शाई आणि वॉश पिऊन थोडं फुगतं.

उदगीर_प्रेसवाला
बरं. १२०० निघाले, चालू आहे.

वसमत_ट्रेडल
थाळीचं कुणीच सांगितलं नाही.

परभणी_ऑफसेट
थाळीखाली दातेरी चक्र आणि त्यात अडकणारी खुंटी असते, दर छापेला ती थाळी थोडी पुढे ढकलते. खुंटीचं टोक झिजून गोल झालं असेल तर दातावरून घसरते. कानस मारून टोक धारदार करा, मागची स्प्रिंग बदला. त्याआधी थाळी उचलून मधल्या बुंध्यात वाळलेली शाई आहे का बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. रॉकेलने साफ करून दोन थेंब मशीन ऑइल सोडा. ग्रीस नको, ते शाईत येतं.