व्हीआयए पॉझिटिव्ह, आयोडीनची तपासणी नॉर्मल. कॉल्पोस्कोपी करायची की नाही?

नमस्कार मंडळी, माझ्या वहिनीबद्दल विचारायचं आहे. वय ४६, पाळी अजून चालू आहे, त्रास काहीच नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरात तिची व्हीआयए झाली. गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभरानं नुसत्या डोळ्यांनी बघतात, ती. कागदावर 'पॉझिटिव्ह' लिहून घड्याळासारखं वर्तुळ काढलंय आणि दहा ते बाराच्या मध्ये रेघा मारल्यात. कॉल्पोस्कोपी, म्हणजे यंत्रातून गर्भाशयमुख बघण्याची तपासणी, करून घ्या म्हणाले.

त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लुगोलचं आयोडीन लावून पाहिलं. सगळीकडे गडद तपकिरी रंग आला, पिवळा डाग कुठेच नाही. वहिनी म्हणते, "दुसऱ्यांदा काही निघालं नाही ना, मग विषय संपला." दादाही तेच म्हणतो. मला हे पटत नाहीये, पण ठामपणे सांगावं इतकी माहितीही नाही.

मी वाचलं ते असं: निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन भरपूर असतं म्हणून त्या आयोडीन धरतात, बिघडलेल्या पेशींत ते कमी, म्हणून त्या पिवळ्या राहतात. ॲसिडनं मात्र बिघडलेला भाग पांढरा होतो. मग एकाच जागी एकीत दिसलं आणि दुसरीत नाही, असं कसं? आणि कॉल्पोस्कोपीत वेगळं काय कळणार? तिथेही डोळ्यांनीच बघतात ना? कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया लिहा. तिला समजावायची जबाबदारी माझ्यावर आहे.

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. मी स्त्रीरोग विभागात नर्स म्हणून काम करते.

ॲसिडनं पांढरं झालं म्हणजे कर्करोगच, असं अजिबात नाही. जंतुसंसर्ग, सूज किंवा पेशींचा साधा नैसर्गिक बदल चालू असला तरी भाग पांढरा होतो. त्यामुळे व्हीआयए पॉझिटिव्ह आलेल्या बऱ्याच जणींना पुढे काही निघत नाही. हे वहिनींना आधी सांगा, भीती कमी होईल.

पण आयोडीन नॉर्मल आलं म्हणून आधीचा निकाल रद्द होत नाही. दोन्ही तपासण्या बघणाऱ्याच्या नजरेवर आणि सरावावर अवलंबून आहेत. दोन्ही चाळणीसारख्या आहेत: कुणाला पुढे पाठवायचं एवढंच ठरवतात, निदान करत नाहीत.

कॉल्पोस्कोपीत ॲसिड तेच, बहुतेक ठिकाणी आयोडीनही तेच. फरक भिंगाचा आणि उजेडाचा. हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये हे यंत्र आणलं. गर्भाशयमुख अनेक पटींनी मोठं दिसतं, हिरव्या फिल्टरनं रक्तवाहिन्या उठून दिसतात. पांढऱ्या डागाची कड रेखीव आहे की पुसट, आत ठिपके किंवा फरशीसारखी नक्षी आहे का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. संशय वाटला तर नेमक्या त्या जागेचा तुकडा काढतात. पक्कं निदान त्या बायोप्सीवरच होतं. माझं स्पष्ट मत: कॉल्पोस्कोपी करून घ्यावी.

वयाचाही मुद्दा आहे. पाळी जायच्या सुमाराला बिघाड होण्याची मुख्य जागा हळूहळू आत सरकते आणि बाहेरून पूर्ण दिसत नाही. पाळी गेल्यावर तर व्हीआयएवर भिस्त ठेवूच नये. शिवाय तेव्हा पेशींतलं ग्लायकोजेनही घटतं, त्यामुळे आयोडीन नीट चढत नाही आणि निरोगी भागही फिका दिसतो.

एचपीव्ही डीएनए चाचणीबद्दलही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू आहे का, ते बघणारी) डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ पासून पहिली तपासणी म्हणून तिचीच शिफारस केली आहे, कारण तिथे नजरेचा प्रश्न येत नाही. मात्र ती निगेटिव्ह आली तरी हातातली कॉल्पोस्कोपी टाळायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावं.

धागाकर्ती

खूप आभार. 'दोन्ही निदान करत नाहीत' हे दादाला लगेच पटलं. वहिनी विचारतेय, फार दुखतं का? आणि आयोडीनची ॲलर्जी असेल तर?

प्रतिसाद

बघताना ताण जाणवतो, ॲसिडनं थोडं चुरचुरतं. तुकडा घेताना चिमटा बसल्यासारखं वाटतं. ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, आयोडीन वगळता येतं. पाळीचे दिवस सोडून तारीख घ्या, आदल्या दिवशी योनीत औषध नको, संबंधही नकोत. बायोप्सी झाली तर दोन-चार दिवस थोडं डाग पडणं चालतं. रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त झाला, ताप आला किंवा घाण वास सुटला तर लगेच दाखवा.