रडार फोडायचे की गप्प बसवायचे?

प्रश्न (एक पालक, जुळे सोलापूर)

माझी मुलगी एनसीसीमध्ये आहे आणि शिबिरात तिला शत्रूची हवाई संरक्षण यंत्रणा निष्प्रभ करणाऱ्या विमानांवर दहा मिनिटे बोलायचे आहे. काल जेवताना तिने विचारले, की रडार जर जमिनीवरच उभे असते, तर कोणतेही लढाऊ विमान जाऊन त्यावर बॉम्ब टाकू शकेल. मग त्यासाठी वेगळे विमान आणि वेगळे क्षेपणास्त्र कशाला हवे? मला उत्तर देता आले नाही. भारताकडे असे विमान आहे का, हेही तिला हवे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 (निवृत्त वायुसैनिक, विजापूर रस्ता)

मी पेचोरा या, जमिनीवरून विमाने पाडणाऱ्या क्षेपणास्त्राच्या तुकडीत नोकरी केली आहे, म्हणजे ही विमाने ज्यांच्यावर चालून येतात त्यांच्यापैकी मी एक. तेव्हा त्याच बाजूने सांगतो.

मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारीच्या राखणीला बसलेला माणूस रात्री बॅटरी लावतो, तेव्हा त्याला रानडुक्कर दिसते खरे. पण बॅटरी कुठे लागली, हे साऱ्या शिवाराला कळते. रडारचे नेमके हेच आहे. लहरी सोडल्याशिवाय विमान दिसत नाही आणि लहरी सोडल्या की आपला ठावठिकाणा लपत नाही. साधे लढाऊ विमान बॉम्ब टाकण्याइतके जवळ येईपर्यंत क्षेपणास्त्राच्या टप्प्यात कधीच आलेले असते. 24 जुलै 1965 रोजी व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे एक फँटम लढाऊ विमान अशाच क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यानंतर काही महिन्यांतच दोन आसनी एफ-100 विमानांवर रडारच्या लहरी टिपणारी यंत्रे बसवून ‘वाइल्ड वीझल’ पथके उभी राहिली. पुढे बसलेला वैमानिक विमान चालवी आणि मागचा अधिकारी लहरींचा माग काढी. 22 डिसेंबर 1965 रोजी त्यांनी पहिले क्षेपणास्त्र-ठाणे उद्ध्वस्त केले.

मग आले श्राइक, म्हणजे रडारच्या लहरींवरच स्वार होऊन येणारे क्षेपणास्त्र. रडार बंद केले की ते भरकटे. त्यानंतरच्या हार्म क्षेपणास्त्राने ती पळवाट बरीच अरुंद केली, कारण रडार बंद झाले तरी ते शेवटच्या ज्ञात जागेकडे जात राहते. आमच्या केबिनमध्ये म्हणूनच एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतली जाई: यंत्रणा तापवून सज्ज ठेवायची, पण ऊर्जा अँटेनाकडे जाऊ द्यायची नाही, आणि हुकूम मिळताच मोजक्या सेकंदांपुरतीच ती बाहेर सोडायची. त्या सेकंदांत पडद्यावरचा ठिपका पकडायचा असतो आणि बोट मात्र बंद करण्याच्या कळीवरच असते.

मुलीने हे नीट समजून घ्यावे, की रडार फुटले नाही तरी भीतीने बंद राहिले, तर तेवढ्या वेळापुरते हल्लेखोराचे काम झालेले असते. 1999 साली सर्बियात 78 दिवसांत नाटोने सातशेहून अधिक हार्म डागली, तरी सर्बियाची फिरती क्षेपणास्त्रे बऱ्याच अंशी शाबूत राहिली. पण त्यांची रडारे बहुतेक वेळ गप्प होती. तरीही 27 मार्चला एका पेचोरा तुकडीने जागा बदलत, रडार क्षणभरच उघडत, एफ-117 हे रडारला सहज न दिसणारे विमान पाडले. शस्त्र जुने होते, पण माणसांची शिस्त पक्की होती. आमच्या तुकडीला त्या बातमीचा फार अभिमान वाटला होता.

उत्तर 2 (अणुविद्युत अभियंता, होटगी रस्ता)

वरील उत्तराला एक जोड. आज या कामासाठी अमेरिकी नौदलाकडे ग्राउलर हे खास विमान आहे, सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानावरून बनवलेले. त्याचे मुख्य काम क्षेपणास्त्र डागणे नसून जॅमिंग, म्हणजे शत्रूच्या रडारला गोंधळात टाकणे, हे आहे. पंखांखाली टांगलेल्या पॉडमधून, म्हणजे यंत्रांच्या लांबट पेट्यांमधून, ते शत्रूच्या रडारच्या वारंवारितेवर इतका गोंगाट सोडते, की खऱ्या विमानाचा क्षीण परतध्वनी त्यात बुडून जातो. या यंत्रणेला जागा देण्यासाठी मूळ सुपर हॉर्नेटच्या नाकातली तोफ काढलेली आहे आणि पंखांच्या टोकांना क्षेपणास्त्रांऐवजी लहरी टिपणारे पॉड आहेत. एवढे फेरफार पाहिले, की वेगळे विमान का लागते ते लक्षात येते.

भारताकडे ग्राउलरसारखे खास विमान नाही. आपण सुखोई-30 एमकेआयवर रडारविरोधी क्षेपणास्त्रे लावतो. रशियन केएच-31पी आहेच, आणि डीआरडीओच्या रुद्रम-1 ची 9 ऑक्टोबर 2020 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर चाचणी झाली. रडार हुडकून त्यावर आदळणारी हार्पीसारखी इस्रायली मानवरहित यंत्रेही आपल्याकडे आहेत, आणि माझ्या मते आपल्याला हाच मार्ग अधिक परवडणारा आहे. मुलीला जुने उदाहरण हवे असेल, तर 21 सप्टेंबर 1965 रोजी आपल्या कॅनबेरा विमानांनी पाकिस्तानातील बदीनच्या रडार केंद्रावर केलेला हल्ला जरूर सांगावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मुलगी शेजारीच बसली आहे आणि विचारते आहे, की शत्रूने रडार वापरलेच नाही तर?

उत्तर 1 (निवृत्त वायुसैनिक)

तर रडारविरोधी क्षेपणास्त्र निरुपयोगी. कारगिलमध्ये 28 मे 1999 रोजी आपले एमआय-17 हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या स्टिंगरने पाडले आणि त्यातील चौघे हुतात्मा झाले. स्टिंगर इंजिनाच्या उष्णतेचा वेध घेते. त्याला रडार लागत नाही, त्यामुळे टिपण्यासारख्या लहरीच नसतात. अशा वेळी उष्णतेचे फसवे गोळे सोडणे आणि त्याच्या टप्प्याच्या वर, उंचावरून मारा करणे हेच हाती उरते, आणि कारगिलमध्ये आपली विमाने पुढे तशीच लढली.