देवाला काम होतं म्हणून ते वाचले, मग बाकीचे?

उमरग्याचा:
काल एकाने किल्लारीच्या भूकंपाचा फोटो टाकलाय, ढिगाऱ्यातून जिवंत काढलेलं लेकरू. खाली लिहिलंय, 'देव तारी त्याला कोण मारी. प्रत्येक जीव काहीतरी कार्य घेऊन येतो, ते होईपर्यंत यमसुद्धा हात लावत नाही.' त्यावर हात जोडलेल्या इमोजींची रांग. रात्रभर डोकं फिरलंय माझं म्हणून लिहायलाव. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. लोक गणपती बुडवून येऊन झोपलेले. सरकारी हिशोबानेच ८ हजाराच्या आसपास गेली, आमच्याकडे १० हजार म्हणतात. या सगळ्यांचं कार्य एकाच पहाटे संपलं का? पाळण्यातल्यांचं पण? माझी मावशी सास्तूरला दिलेली. ती गेली, दोन्ही पोरी गेल्या, काका अंगणात बाजेवर झोपलेले म्हणून राहिले. त्यांचं कार्य काय म्हणाल तर मरेपर्यंत दारू.

साठीपार:
तुमचं दुःख समजतं, पण रागात तत्त्वज्ञान होत नाही. प्रारब्ध आपल्याला दिसत नाही म्हणजे ते नाहीच असं कसं म्हणता? ११ जुलै २००६ ला माझी रोजची विरार फास्ट चुकली, साहेबाने शेवटच्या क्षणी एक फाईल मागितली म्हणून. माझ्या नेहमीच्या फर्स्ट क्लासच्या डब्यात स्फोट झाला. रिटायर झाल्यापासून मी वस्तीतल्या मुलांना फुकट गणित शिकवतोय. मला त्यात हेतू दिसतो, तुम्हाला दिसत नसेल तर नसो.

उमरग्याचा:
गणित शिकवताय ना, मग हे पण सोडवा. त्या दिवशी तुमच्या जागेवर जो बसला असेल, त्याला कुणी पाठवलं होतं?

साठीपार:
हे बोलणं फार हीन आहे.

ओळंबा:
देवाबिवाचं बाजूला ठेवा हो. माणसं मारली ती भिंतींनी. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत, नुसत्या चिखलात रचलेली, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवलेला नाही, आणि वर माळवद, त्यावर गळती थांबवायला वर्षानुवर्षं मातीचे थर चढवत गेलेले. ६.२ चा भूकंप होता, एवढ्या धक्क्याला नीट बांधलेलं घर उभं राहतं. दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा एक पट्टा, म्हणजे लिंटेल बँड, असता तरी कितीतरी जण वाचले असते. प्रारब्ध कसलं, साधं बांधकाम आहे.

काळी_माती:
आले शहरातले इंजिनियर माळवदाला शिव्या द्यायला! मे महिन्यात ४३ डिग्रीला पत्र्याखाली राहून दाखवा एक दुपार. आमच्या आज्याने बांधलेलं माळवद उन्हाळ्यात थंडगार असायचं. भूकंपानंतर बायामाणसं इतकी भ्याली की दगडाच्या घरात झोपेनात, अंगणात पत्र्याचं शेड टाकून त्यात भाजत बसली. त्या भाजण्याचा हिशोब कोण करणार?

ओळंबा:
शिव्या कुठे दिल्या? बँड घाला म्हणलं, माळवद पाडा नाही म्हणलं.

काळी_माती:
आणि पुनर्वसनाचं बोला की. वर्ल्ड बँकेच्या पैशातून ५२ गावं नव्या जागी नेली, रस्ते असे रुंद की शेजारणीला हाक ऐकू जाईना, आणि शेत राहिलं जुन्या गावाकडं. घरं कशी वाटली माहितीय का, जमीन बघून! भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरच्या वरच्याला ७५०. मेलेली माणसं दोघांकडं सारखीच होती ना? कुणाच्या जन्माचं मोल किती हे चित्रगुप्ताने नाही, जीआरने ठरवलं.

निंबोणी:
हा मुद्दा मूळ धाग्यापेक्षा भारी आहे. बाकी ही दैवी न्यायाची भाषा मोठ्या माणसांनाही सुटलेली नाही. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणाले. टागोरांनी जाहीर निषेध केला, गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये छापला, पण मत काही सोडलं नाही.

ओळंबा:
म्हणजे अस्पृश्यतेची शिक्षा म्हणून अस्पृश्यांच्या झोपड्या पण पाडल्या. झकास न्याय.

साठीपार:
गांधीजींची थट्टा करायला अक्कल लागत नाही. आणि मी शिक्षा म्हणालोच नव्हतो, हेतू म्हणालो.

उमरग्याचा:
काका, वाचलेल्याला हेतू चिकटवला की मेलेल्याला आपोआप काहीतरी चिकटतं. तुमचं शिकवणं चांगलंच आहे, पण ते तुम्ही ठरवलंत. माझ्या काकांनाही देवाने 'वाचवलं' होतं. वाचल्यावर काय करायचं हे कुणी सांगितलं नाही, लोक मात्र येऊन सांगायचे की तुझ्या हातून काहीतरी मोठं व्हायचंय. त्या वाक्यानं माणूस जास्त खचला, बायकोपोरी गेल्याच्या वर आता मोठं काहीतरी करून दाखवायचं ओझं.

साठीपार:
बरं. डब्यातल्या माणसाचं उत्तर माझ्याकडे नाही, लिहून घ्या आणि खूश व्हा. पण संध्याकाळचा दिवा मी लावणारच.

उमरग्याचा:
लावा की, कोण नको म्हणालंय. फक्त ते 'कार्य बाकी होतं' ३० सप्टेंबरला आमच्या तालुक्यातल्या लोकांना फॉरवर्ड करू नका.

काळी_माती:
ओ ओळंबासाहेब, बँड घातला तर माळवदाचं वजन पेलंल का? आमचा वाडा अजून उभाय.

ओळंबा:
नुसत्या बँडने भागणार नाही, आधी वरची माती कमी करा. भिंतीचे फोटो पाठवा, बघतो.