वसंतात घराभोवती परतलेले पक्षी इतके दिवस कुठे असतात?

विश्रामबागकर, सांगली
नमस्कार. महाशिवरात्रीनंतर थंडी ओसरू लागली, तसा आमच्या परसातील कोकीळ पहाटे उजाडण्यापूर्वीच ओरडू लागला असून, दिवाळीपासून ज्याचा आवाजही कानी पडला नव्हता तो तांबट आता भर दुपारी समोरच्या पिंपळावर टुक-टुक करीत बसतो. जास्वंदीवर हिवाळ्याच्या सुरुवातीला पिवळसर पोटाचा, गळ्यावर मधोमध काळी रेघ असलेला एक चिमुकला पक्षी येत असे. तो दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी जांभळट झाक असलेला काळाकुळकुळीत पक्षी आला आहे. हे सारे पक्षी हिवाळ्यात कुठे जातात, आणि या काळ्याने त्या पिवळ्याला हुसकावून लावले असावे काय? शिवाय सज्जातील कपडे वाळत घालण्याच्या तारेला गेल्या आठवड्यापासून जळमटासारखे काही लोंबू लागले आहे. सौभाग्यवती ते झाडूने काढणार होत्या, मी तूर्त थांबवले आहे.

माहुलीकर, सातारा
आपले निरीक्षण बारीक आहे, फक्त ‘परतले’ हा शब्द या तिघांना लागू पडत नाही. कोकीळ आणि तांबट हे आपल्याकडील बारमाही रहिवासी असून हिवाळ्यातही वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर ते आपल्या आसपासच गुजराण करीत असतात. मात्र तेव्हा ते बहुतांशी मुके असल्याने दाट पानांत आपल्याला त्यांचा पत्ता लागत नाही. दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या शरीरातील संप्रेरके जागी होतात आणि नर जोडीदारणीसाठी व आपल्या हद्दीच्या राखणीसाठी साद घालू लागतात. दयाळाचेही असेच आहे. आमच्याकडे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी तो थंडीत झुडपांखाली चोरट्यासारखा वावरतो आणि मार्चमध्ये विजेच्या खांबावर बसून सकाळभर गातो.

पिवळ्याला कोणीही हुसकावलेले नाही, कारण तो आणि काळा हे बहुधा एकच आहेत. तो नर शिंजीर होय. वीण आटोपली की हा आपला चकचकीत पिसारा टाकून जवळपास मादीसारखा फिका होतो आणि गळ्यापासून पोटाकडे जाणारी काळी रेघ तेवढी नरपणाची खूण म्हणून शिल्लक राहते. पुढच्या विणीपूर्वी पुन्हा नवी पिसे येतात. आता त्या जळमटाविषयी. ते शिंजिराचेच घरटे असावे. गवताच्या काड्या, सालपटे आणि कचरा कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून मादी एकटीच ती लोंबती थैली विणते, तिला बाजूने दार असते आणि दारावर लहानसा छज्जाही असतो. अंडी बहुधा दोन, ती पंधरवडाभर उबवली जातात आणि तितक्याच दिवसांत पिले उडून जातात. तेव्हा वहिनींना विनंती करून महिना-सव्वा महिना कपडे दुसरीकडे वाळत घालावेत. आमच्या शेजाऱ्यांनी शेवग्याची वाळकी फांदी निरुपयोगी म्हणून तोडली, तेव्हा तिच्यात तांबटाची ढोली निघाली. ती हळहळ अजून गेलेली नाही.

बागाईतदार, तासगाव तालुका
माहुलीकरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. या दिवसांत खरा प्रवास चालू असतो तो येणाऱ्यांचा नव्हे, तर जाणाऱ्यांचा. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या भोरड्या पावसाळ्यातच आपल्याकडे दाखल होतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत मध्य आशियाकडे विणीसाठी निघून जातात. निघण्यापूर्वी त्या पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर ताव मारतात, आणि द्राक्षमण्यात पाणी उतरले की आमच्या बागांवरही. जाळीचा खर्च दरसाल सोसावा लागत असल्याने त्यांच्याविषयी प्रेमाने लिहिणे मला जड जाते. आजोबा ज्वारीच्या राखणीला माळ्यावर गोफण घेऊन बसत, ते याच पाखरांसाठी. तरीही त्या तिकडे पिलांना टोळ आणि नाकतोडे भरवतात, हे मान्य करावे लागते.

संगमाकाठी, हरिपूर
कृष्णा-वारणेच्या संगमावर शेपटी हलवत फिरणारे पाहुणे धोबीही आता विरळ होत चालले आहेत. ‘परतणे’ हा शब्द वापरायचाच असेल, तर तो नवरंग आणि चातक यांच्यासाठी राखून ठेवावा; ते मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर येतात.

विश्रामबागकर, सांगली
सर्वांचे आभार. तार तशीच ठेवली असून कपड्यांची दोरी गच्चीवर बांधली आहे. काल सायंकाळी थैलीच्या दारातून एक बाकदार चोच बाहेर डोकावताना आम्ही दोघांनीही पाहिली. आज सकाळी कडुनिंबावर पांढऱ्या ठिपक्यांचा, लाल डोळ्यांचा एक तपकिरी पक्षी किक्-किक् ओरडत बसला होता, आणि पलीकडच्या गुलमोहरावर कावळे काटक्या जमवू लागले आहेत. ती कोकिळा असावी काय?

माहुलीकर, सातारा
तीच. कावळ्यांच्या त्या घरट्यावर लक्ष ठेवा, तिचेही आहेच.